जुन्या थिन क्लायंटवर कोअरबूट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या यंत्रांसाठी आहे?

कोअरबूट म्हणजे उत्पादकाच्या बायोसच्या जागी बसणारे, यंत्र चालू होताच हार्डवेअर जागवणारे खुल्या स्रोताचे फर्मवेअर. ही माहिती मुख्यतः एएमडीच्या जी-सिरीज प्रोसेसरवर चालणाऱ्या थिन क्लायंटसाठी, म्हणजे सर्व्हरला जोडून वापरायच्या छोट्या संगणकांसाठी आहे. टी५६एन, टी४४आर आणि त्यांची भावंडे, म्हणजे एएमडीची 'फॅमिली १४एच'. सोबतीला एसबी८०० घराण्यातला साउथब्रिज, म्हणजे यूएसबी, डिस्क वगैरे जोडण्या सांभाळणारी चिप असते. एचपी टी६१०, वाइज झेड९० यांसारखी यंत्रे याच पिढीतली. ६४-बिट, डीडीआर३ मेमरी, बहुतेकांना पंखा नाही. बँका, कॉल सेंटर आणि महाविद्यालयांच्या लॅबमधून ही यंत्रे आता भंगाराच्या भावाने बाहेर पडतात. राउटर, प्रिंट सर्व्हर किंवा घरच्या छोट्या सर्व्हरसाठी ती अजून पुष्कळ वर्षे चालण्याजोगी आहेत.

मूळ बायोस चालतो आहे, मग तो बदलायचा कशाला?

उत्पादकाने अपडेट देणे केव्हाच थांबवलेले असते. काही बायोस पासवर्डने कुलूपबंद असतात, काही ठरावीक फ्लॅश मॉड्यूलवरूनच बूट होतात, काहींना मोठी डिस्क किंवा वेगळे वायफाय कार्ड चालत नाही. कोअरबूटचा स्रोत तुमच्या हातात असतो, त्यामुळे या अडचणी तुम्ही स्वतः सोडवू शकता. हा प्रकल्प १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी 'लिनक्सबायोस' नावाने सुरू केला. २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट झाले.

मूळ बायोस तुमचे काम नीट करत असेल आणि शिकण्याची इच्छा नसेल, तर मात्र बदलू नका. पोर्टिंगला, म्हणजे कोअरबूट त्या बोर्डावर चालेल असे जुळवायला, वेळ लागतो आणि मधल्या काळात यंत्र बंद राहते.

माझे यंत्र पोर्ट करण्याजोगे आहे का, हे कसे ठरवायचे?

यंत्राच्या नावावरून नव्हे, चिपवरून ठरवा. प्रोसेसर, नॉर्थब्रिज (मेमरी आणि ग्राफिक्स जोडणारा भाग), साउथब्रिज आणि सुपर आय/ओ (सिरियल पोर्ट, कीबोर्ड वगैरे सांभाळणारी छोटी चिप) या चार गोष्टी कोअरबूटच्या स्रोतात आधीपासून आहेत का ते पाहा. पहिल्या तीन असतील तर तुमचे काम म्हणजे बोर्डाचे अचूक वर्णन करणे: कोणती तार कुठे गेली आहे, कोणता पोर्ट चालू आहे, मेमरीचा पत्ता कोणता. त्यातली एखादी नसेल तर मेमरी कंट्रोलर शून्यापासून जागवावा लागतो. उत्पादकाच्या कागदपत्रांशिवाय ते काम एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही.

फॅमिली १४एचसाठी एएमडीने 'एजेसा' हा प्रारंभिक कोड स्रोतासकट खुला केला. या पिढीसाठीचे बायोस व कर्नल विकसक मार्गदर्शक आणि एसबी८०० ची रजिस्टर पुस्तिकाही जाहीर आहे. याच कारणाने आम्ही नवशिक्यांना हीच पिढी सुचवतो.

तिच्या पुढची पिढी निवडताना सांभाळा. एचपी टी६२० मधला जीएक्स-४१५जीए किंवा जीएक्स-२१७जीए हा फॅमिली १६एचचा पहिला टप्पा आहे, त्यात एएमडीचा सुरक्षा प्रोसेसर (मुख्य प्रोसेसरच्या आधी जागा होणारा वेगळा छोटा प्रोसेसर) नाही. टी५२० मधला जीएक्स-२१२जेसी नंतरचा आहे, त्यात तो आहे, आणि त्याचे सहीबंद (उत्पादकाची डिजिटल सही असलेले) फर्मवेअर बायोसच्या चिपमध्ये ठेवावेच लागते. बाहेरून दोन्ही यंत्रे जवळपास सारखी दिसतात.

एएमडी जिओड प्रोसेसरच्या किंवा व्हिया कंपनीच्या चिपा असलेल्या यंत्रांचे काय?

वाइज एस५०, बीकॉमच्या विननेट मालिकेतले बोर्ड असे काही जिओड आणि व्हिया सीएन७०० वाले थिन क्लायंट एकेकाळी कोअरबूटमध्ये होते. कुणी देखभाल करणारे उरले नाही आणि अंतर्गत रचना बदलली, तशी ती मुख्य शाखेतून काढली गेली. गिटच्या (स्रोताच्या सर्व आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ती जशीच्या तशी सापडतात. जुनी आवृत्ती काढून, त्या काळचाच कंपायलर बांधून इमेज तयार करता येते. जुना कोड नव्या टूलचेनने बांधायला जाऊ नका, भलत्याच ठिकाणच्या चुका शोधण्यात दिवस जातात.

ऑटोपोर्टने हे आपोआप होईल का?

नाही. बोर्डाचे वर्णन आपोआप लिहिणारे ते साधन इंटेलच्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि त्यांच्या आसपासच्या पिढ्यांसाठी आहे. एएमडी बोर्डाचे वर्णन हातानेच लिहावे लागते.

सामान काय लागेल?

बायोसची फ्लॅश चिप लिहायला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) किंवा पिको, एसओआयसी-८ आकाराची चांगली क्लिप, दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा लांब नसलेल्या जोडतारा, बूटचे संदेश दुसऱ्या संगणकावर पाहण्यासाठी यूएसबीवरून आरएस-२३२ (सिरियल पोर्ट) देणारी केबल आणि नल मोडेम केबल (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली). मूळ चिपच्या क्षमतेच्या दोन कोऱ्या चिपाही घ्या. मूळ चिप जशीच्या तशी काढून ठेवायची आणि प्रयोग कोऱ्या चिपेवर करायचे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. सोल्डरिंग जमत असेल तर बोर्डवर सॉकेट बसवा, मग चिप बदलणे दहा सेकंदांचे काम होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत यातले बरेचसे सामान मिळते. काळ्या रंगाचा स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारे-लिहिणारे उपकरण) तिथे सर्वांत आधी दाखवतात. त्याच्या बऱ्याच प्रतींमध्ये चिपेला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. एकटी चिप बहुधा सहन करते. बोर्डवर बसलेल्या चिपेला क्लिप लावली की तोच ५ व्होल्ट साउथब्रिजच्या पायांवर जातो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तो वापरू नका.

चिपेवरचा क्रमांकही आधी वाचा. या पिढीत सहसा ३.३ व्होल्टच्या चिपा असतात, पण नंतरच्या काही यंत्रांत १.८ व्होल्टच्या येतात आणि त्यांना मधे व्होल्टेज बदलणारा अडॅप्टर लागतो.

मूळ बायोस चालू असताना कोणती माहिती गोळा करायची?

पोर्ट यशस्वी होणार की नाही हे बहुतांशी इथे ठरते. मूळ बायोसने बोर्ड बरोबर जागवलेला असतो, त्यामुळे चालू यंत्राची रजिस्टरे (चिपांच्या आतल्या सेटिंगच्या जागा) हाच तुमचा नकाशा. एकदा चिप पुसली की हा नकाशा पाहायला पुन्हा मूळ चिप बसवावी लागते.

कोणतेही लाइव्ह लिनक्स यूएसबीवरून चालू करा. कर्नलच्या बूट ओळीत आयओमेम रिलॅक्स्ड हा पर्याय घाला, नाहीतर भौतिक मेमरी वाचता येत नाही. मग रूट होऊन पुढच्या गोष्टी फायलींमध्ये साठवा.

सर्व पीसीआय उपकरणांची यादी, त्यांच्या संपूर्ण कॉन्फिगरेशन रजिस्टरांसह. त्यासाठी एलएसपीसीआय या आदेशाला दोनदा एन, तीनदा व्ही आणि चारदा एक्स द्या. चौथा एक्स विसरला तर पीसीआय एक्सप्रेसचा विस्तारित भाग येत नाही.

सुपरआयओटूल या साधनाचा निकाल, पूर्ण डम्पसह (सर्व मूल्यांच्या यादीसह). ते चिप ओळखते आणि प्रत्येक लॉजिकल उपकरणाची रजिस्टरे दाखवते. ओळखले नाही तर बोर्डवर शोधा: आयटीई, नुवोटॉन, फिनटेक, एसएमएससी यांपैकी एखादे नाव असलेली चौकोनी चिप. तिचा क्रमांक लिहून घ्या आणि फोटो काढा.

एसीपीआयची (बायोसने कार्यप्रणालीला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनाची) सर्व टेबले एसीपीआयडंपने. त्यातले डीएसडीटी हे मुख्य टेबल उलगडले की व्यत्ययांची (इंटरप्टची) जोडणी आणि जीपीआयओचा (सामान्य वापराच्या पायांचा) वापर कळतो. डीएमआयडीकोडचा निकाल, कर्नलचा संपूर्ण बूट संदेश, ध्वनी कोडेकची माहिती आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता.

एसबी८०० ची जीपीआयओ. साउथब्रिजचा एक रजिस्टर पट्टा हेक्स एफईडी८०००० या पत्त्यावर असतो. त्यात १०० या ऑफसेटपासून जीपीआयओ आणि डी०० पासून कोणता पाय कोणत्या कामाला जोडला आहे ते असते. पूर्ण ४ किलोबाइट साठवा, कोणता भाग लागेल ते आधी सांगता येत नाही.

शेवटी बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो. चिपांची नावे वाचता आली पाहिजेत.

चिप वाचताना दर वेळी वेगळी फाइल येते. का?

वाचन किमान तीनदा करा आणि चेकसम जुळवा. जुळत नसतील तर ती फाइल बॅकअप म्हणून निरुपयोगी आहे. कारणे ठरलेली असतात. तारा लांब असतात, तर त्या तोडून आखूड करा. वेग जास्त असतो. रास्पबेरी पायवर फ्लॅशरॉमला (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला) एसपीआयचा (चिपेशी बोलणाऱ्या तारांचा) वेग स्पष्ट सांगा, ५१२ किलोहर्ट्‌झपासून सुरू करा. क्लिपचा एखादा दात टेकलेला नसतो, तर चिपेचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

चौथे कारण जास्त त्रास देते. प्रोग्रॅमरची ३.३ व्होल्ट वीज चिपेपुरती न राहता त्याच रेलवरून अर्ध्या बोर्डला जाते. व्होल्टेज खाली येते, साउथब्रिज अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच तारांवर बोलू लागतो. चिपेच्या आठव्या पायावर मोजून पाहा. ३ व्होल्टच्या खाली गेले असेल तर क्लिपचा नाद सोडा आणि चिप उतरवा. यंत्राचा वीज अडॅप्टर लावून बोर्डाची वीज आणि प्रोग्रॅमरची वीज एकाच वेळी देऊ नका.

जोडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. ठिपक्याजवळचा पाय १ म्हणजे चिप सिलेक्ट, २ डेटा बाहेर, ३ लेखनबंदी, ४ ग्राउंड, ५ डेटा आत, ६ क्लॉक, ७ होल्ड, ८ वीज. ३ आणि ७ मोकळे लटकत ठेवू नका, एकट्या चिपेवर काम करताना ते ३.३ व्होल्टला बांधा. रास्पबेरी पायच्या ४० पायांच्या पट्टीवर चिप सिलेक्ट २४ वर, डेटा आत १९ वर, डेटा बाहेर २१ वर, क्लॉक २३ वर, वीज १७ वर आणि ग्राउंड २५ वर येते.

फ्लॅशरॉम आयएमसीबद्दल इशारा देऊन लिहायचे नाकारते. जबरदस्ती करू का?

करू नका. एसबी७०० पासून एएमडीच्या साउथब्रिजमध्ये ८०५१ जातीचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो, तोच आयएमसी. त्याचा प्रोग्रॅम बायोसच्याच चिपेत असतो आणि तो तिथूनच चालतो. तो चालू असताना तुम्ही पायाखालची जमीन बदललीत तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. सक्ती करण्याचा पर्याय फ्लॅशरॉममध्ये आहे, पण पहिली इमेज बाहेरच्या प्रोग्रॅमरनेच लिहा. कोअरबूट आयएमसीशिवाय बसवले की नंतरच्या इमेज यंत्रातूनच लिहिता येतात.

कोड कुठून सुरू करायचा?

सर्वांत जवळच्या बोर्डाची प्रत घेऊन. या पिढीत एसरॉक ई३५०एम१ आणि एएमडीचा पर्सिमन हे बोर्ड चांगले आरंभबिंदू आहेत. जवळचा बोर्ड म्हणजे तोच साउथब्रिज असलेला, आणि शक्य असेल तर तोच सुपर आय/ओ असलेला.

स्रोत आणताना गिटचे सबमॉड्यूलही आणा. मग प्रकल्पाचा स्वतःचा क्रॉस-कंपायलर बांधा. त्यासाठी बायसन, फ्लेक्स, एम४, झेडलिब आणि एनकर्सेस यांची विकास पॅकेजे लागतात. वितरणाबरोबर आलेला जीसीसी वापरायचा मोह टाळा. बांधायला वेळ लागतो, पण एकदाच.

नवीन बोर्डाच्या फोल्डरमध्ये या गोष्टी क्रमाने बदला. केकॉन्फिगमध्ये (बांधणीचे पर्याय असलेल्या फाइलीत) बोर्डाचे नाव, चिपेची क्षमता, सुपर आय/ओची निवड. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या उपकरणांच्या यादीत) एलएसपीसीआयमध्ये दिसलेली उपकरणे चालू आणि न दिसलेली बंद, तसेच सुपर आय/ओच्या प्रत्येक लॉजिकल उपकरणाचा पत्ता आणि व्यत्यय, जसे डम्पमध्ये आहे तसे. बूटब्लॉकमध्ये (सर्वांत आधी चालणाऱ्या कोडमध्ये) सिरियल पोर्ट चालू करणारी ओळ.

नंतर ओईएम कस्टमाइझ नावाची फाइल. इथे एजेसाला पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (डेटाच्या वाटा) सांगायच्या असतात. या प्रोसेसरमध्ये ० ते ३ लेन साउथब्रिजकडे जातात, त्यांना हात लावू नका. ४ ते ७ सामान्य वापराच्या: नेटवर्क, वायफाय, एखादा स्लॉट. ८ ते ११ आणि १२ ते १५ हे दोन डिस्प्लेचे गट. मूळ बायोसखाली नेटवर्क कार्ड कोणत्या पीसीआय ब्रिजमागे दिसत होते, त्यावरून त्याची लेन ओळखता येते. डिस्प्लेच्या गटाला कनेक्टरचा प्रकार बरोबर द्यावा लागतो, डिस्प्लेपोर्टच्या जागी डीव्हीआय लिहिले तर पडदा काळाच राहतो.

व्यत्ययांची टेबले आणि डीएसडीटी सर्वांत शेवटी घ्या. पहिले ध्येय एकच ठेवा: सिरियलवर पहिली ओळ.

सिरियलवर काहीच येत नाही.

सर्वाधिक लोक इथे अडकतात, म्हणून क्रमाने तपासा.

आधी इमेज. एक्स८६ प्रोसेसर ४ गिगाबाइटच्या १६ बाइट अलीकडून पहिली सूचना घेतो, आणि ती जागा चिपेच्या अगदी शेवटी येते. २ मेगाबाइटची इमेज ४ मेगाबाइटच्या चिपेत सुरुवातीला लिहिली तर शेवटचा भाग कोराच राहतो. केकॉन्फिगमधली क्षमता आणि प्रत्यक्ष चिप जुळली पाहिजे.

मग केबल. डीबी-९ पोर्टवर खरे आरएस-२३२ व्होल्टेज असते. यूएसबी-टीटीएल (कमी व्होल्टेजचा) अडॅप्टर थेट जोडू नका, तो जळेल. मधे मॅक्स३२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप लागते. दोन्ही टोके संगणकच आहेत, त्यामुळे नल मोडेम केबल हवी. केबल बरोबर आहे हे मूळ बायोसखाली लिनक्सच्या सिरियल कन्सोलवर आधीच सिद्ध करून ठेवा. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद.

मग सुपर आय/ओचा कॉन्फिगरेशन पत्ता. तो हेक्स २ई किंवा ४ई असतो आणि एका पायाच्या जोडणीवरून ठरतो. सुपरआयओटूलने कोणत्या पत्त्यावर चिप सापडली ते पाहा आणि तोच लिहा. प्रत्येक कंपनीच्या चिपेची कॉन्फिगरेशनमध्ये शिरण्याची किल्ली वेगळी असते, त्यामुळे नुवोटॉनचा कोड आयटीईच्या चिपेवर चालणार नाही.

मग क्लॉक. ही जागा फार जणांच्या नजरेतून सुटते. या बोर्डांवर सुपर आय/ओला लागणारा ४८ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक बहुधा साउथब्रिजच पुरवतो, आणि रीसेटनंतर त्या पायावर ४८ नसतात. कोअरबूटमध्ये एसबी८०० साठी तो चालू करणारे फंक्शन तयार आहे. ते सिरियल चालू करण्याच्या आधी बोलावले पाहिजे. क्लॉक नसेल तर शांतता. क्लॉक आहे पण सुपर आय/ओला २४ आणि ४८ मधला चुकीचा पर्याय सांगितला आहे, तर कचरा अक्षरे येतात. कचरा दिसला की दुसऱ्या टोकाचा वेग अर्धा आणि दुप्पट करून पाहा. एखाद्या वेगाला मजकूर वाचता आला तर दोष निश्चितपणे क्लॉकच्या निवडीत आहे.

माझ्या यंत्राला सिरियल पोर्टच नाही.

बोर्डवर न जोडलेला पिनहेडर आहे का पाहा, कित्येकदा असतो. नसेल तर एसबी८०० मधल्या यूएसबी २ कंट्रोलरचा डीबग पोर्ट वापरता येतो. दुसऱ्या बाजूला एफटी२३२एच बोर्ड किंवा बीगलबोन ब्लॅक लागते. फक्त एकच ठरावीक यूएसबी पोर्ट डीबगला चालतो, तो प्रत्येक पोर्टात खोचून शोधावा लागतो. यंत्र लिनक्सपर्यंत पोचत असेल तर सीबीमेम हे साधन मेमरीत साठलेला संपूर्ण कन्सोल दाखवते, मग सिरियलची गरजच राहत नाही.

मेमरीवर येऊन थांबते.

एजेसाच्या ॲमडी-इनिट-पोस्ट या टप्प्याचा परतावा कन्सोलवर पाहा. एजेसाच्या मोजपट्टीत शून्य म्हणजे यश आणि ७ म्हणजे प्राणघातक चूक. ७ आला तर पहिला संशय एसपीडीच्या पत्त्यावर घ्या. मेमरी मॉड्यूलची माहिती देणारी छोटी चिप एसएमबसवर सहसा हेक्स ५० किंवा ५१ वर असते. कोअरबूटच्या या भागात तोच पत्ता आठ बिटांच्या रूपात, म्हणजे ए० आणि ए२ असा लिहायचा असतो. सात बिटांचा आकडा तसाच टाकला की एजेसाला एकही मॉड्यूल सापडत नाही.

मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर एसपीडीची चिप नसू शकते. मग मेमरी चिपांच्या क्रमांकावरून एसपीडीची २५६ बाइटची फाइल तयार करून सीबीएफएसमध्ये (कोअरबूटच्या इमेजमधल्या फाइलव्यवस्थेत) ठेवावी लागते.

या टप्प्यावर एकच मॉड्यूल, प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्ये आणि शक्यतो वेगळ्या कंपनीचे दुसरे मॉड्यूल हाताशी ठेवा. एकावर चालून दुसऱ्यावर अडत असेल तर पत्ता बरोबर आहे, टायमिंगचा प्रश्न आहे. दोन्ही मॉड्यूल एकत्र लावून मेमटेस्ट८६+ पूर्ण फेरी स्वच्छ गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धवट बरोबर मेमरी पुढे फाइल सिस्टिम खराब करते, आणि तेव्हा कुणाला मेमरीची आठवण होत नाही.

लिनक्स सिरियलवर चालू होतो, पण पडदा काळा आहे.

रेडिऑनचा ग्राफिक्स भाग मूळ व्हिडिओ बायोसशिवाय जागा होत नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरलाही त्यातली टेबले लागतात. व्हिडिओ बायोस काढण्याचे दोन मार्ग आहेत. चालू यंत्राच्या मेमरीत ७६८ किलोबाइटपासून पुढचे ६४ किलोबाइट वाचता येतात, पण ती प्रत चालू होताना बदललेली असते. त्यापेक्षा मूळ चिपेच्या बॅकअपमधून मॉड्यूल वेगळे काढा. तो मार्ग जास्त भरवशाचा आहे.

मग त्याचे नाव. एचडी ६३२० चा पीसीआय क्रमांक १००२ आणि ९८०६, तर एचडी ६२५० चा १००२ आणि ९८०४. तुमच्या यंत्रात एलएसपीसीआय जो दाखवतो तोच केकॉन्फिगमध्ये लिहा. ई३५०एम१ च्या प्रतीत ९८०२ लिहिलेला असतो. तो तसाच राहिला तर फाइल चिपेत असूनही सीबायोस (कोअरबूटनंतर चालून कार्यप्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) ती चालवत नाही.

नेटवर्क कार्ड दिसत नाही, किंवा मॅक पत्ता भलताच आहे.

दिसतच नसेल तर लेनचे वर्णन पुन्हा तपासा. ते बरोबर असेल तर रीसेटची तार पाहा. काही बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस उपकरणाचा रीसेट साउथब्रिजच्या जीपीआयओने अडवलेला असतो आणि फर्मवेअरने तो सोडवावा लागतो. मूळ बायोसखाली साठवलेला जीपीआयओ डम्प आणि कोअरबूटखालचा डम्प शेजारी ठेवून फरक शोधा. उपकरण न दिसण्याचे कोडे बहुतेक वेळा या तुलनेत सुटते.

मॅक पत्ता बिघडला असेल तर तो मूळ बायोस लिहीत होता. रिअलटेक ८१६८ साठी कोअरबूटमध्ये पत्ता फाइलीतून देण्याची सोय आहे, केकॉन्फिगमध्ये चालू करा. एकाच इमेजवरून अनेक यंत्रे चालवणार असाल तर प्रत्येकाचा पत्ता वेगळा टाकायला विसरू नका. एका स्विचवर दोन सारखे पत्ते आले की दोन्ही यंत्रांचे जाळे आलटून पालटून तुटते.

कर्नल म्हणतो, व्यत्ययाची दखल कुणी घेत नाही. यंत्र मंदावते.

व्यत्ययांचे टेबल अजून उसन्या बोर्डाचे आहे. उलगडलेल्या मूळ डीएसडीटीमधून प्रत्येक ब्रिजमागची जोडणी वाचा आणि तुमच्या डीएसडीटीत व एमपी टेबलात उतरवा. तात्पुरते कर्नलला आयआरक्यूपोल दिल्याने काम चालते, पण तो उपाय कायमचा ठेवू नका.

उष्णतेचा धोका आहे का?

आहे, आणि तो गांभीर्याने घ्या. टी४४आर ची उष्णतामर्यादा ९ वॉट, टी५६एन ची १८. पंखा नसलेल्या खोक्यात १८ वॉट पुष्कळ होतात. विकसनाच्या काळात झाकण उघडे ठेवा, पण उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा (हीट सिंक) प्रोसेसरवरून काढू नका. काही यंत्रांत झाकण हाच हीट सिंकचा भाग असतो. पंखा असेल तर त्याचे नियंत्रण सुपर आय/ओकडे आहे की आयएमसीकडे, ते शोधा. आयएमसीकडे असेल आणि तुम्ही ते काढून टाकले असेल, तर पंखा पूर्ण वेगाने फिरेल किंवा अजिबात फिरणार नाही. लिनक्समध्ये के१०टेम्प ड्रायव्हर तापमान दाखवतो. एक तासभर पूर्ण भार देऊन त्यावर नजर ठेवा.

सस्पेंड चालेल का?

सुरुवातीला बंद ठेवा. जागे होताना लागणारी मेमरीची माहिती एजेसाला आधीच चिपेत साठवावी लागते, आणि एसपीआयवर लिहिणे डगमगते असेल तर यंत्र जागे होत नाही. बाकी सर्व स्थिर झाल्यावर पाहा. राउटर किंवा सर्व्हरसाठी त्याची गरजही नाही.

पेलोड कोणता निवडू?

पेलोड म्हणजे हार्डवेअर जागल्यावर कोअरबूट ज्याच्या हाती यंत्र सोपवते तो प्रोग्रॅम. सीबायोस निवडा. छोटा आहे, २ मेगाबाइटच्या चिपेत आरामात बसतो आणि जुनी कार्यप्रणाली चालवतो. बूटचा क्रम सीबीएफएसमधल्या बूटऑर्डर नावाच्या फाइलीत लिहिता येतो. काही जुने कीबोर्ड उशिरा जागे होतात, त्यासाठी पीएस/२ स्पिनअपची मुदत वाढवणारी फाइल टाकता येते. नेटवर्कवरून बूट करायचे असेल तर आयपीएक्सई त्याच चिपेत ठेवा. शाळेच्या लॅबमध्ये एलटीएसपी (सर्व्हरवरून लिनक्स चालवण्याची व्यवस्था) चालवणाऱ्यांसाठी ही उत्तम जोडी आहे, यंत्रात डिस्कच लागत नाही. यूईएफआय पेलोड ४ मेगाबाइटपेक्षा लहान चिपेवर आणू नका.

इमेज चुकली, यंत्र मेले. आता?

मूळ चिप परत बसवा, यंत्र जिवंत होईल. चुकीच्या इमेजने बोर्ड कायमचा बिघडणे दुर्मीळ आहे. बिघडतात ते उलटी लावलेली क्लिप, ५ व्होल्ट आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने उखडलेले पॅड यांनी. बोर्ड बदलताना किंवा मोठ्या बदलानंतर सीमॉसची बॅटरी काढून एक मिनिट थांबा, जुन्या मूल्यांमुळेही बूट अडू शकते.

तयार इमेज इतरांना देऊ का?

व्हिडिओ बायोस तुम्ही मूळ बायोसमधून काढला असेल तर तो असलेली इमेज देऊ नका, त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत. स्रोत आणि केकॉन्फिगची फाइल द्या, ज्याचे यंत्र आहे तो स्वतःच्या चिपेतून व्हिडिओ बायोस काढील. कोअरबूटचा परवाना जीपीएल आवृत्ती २ आहे. इमेज वाटलीत तर तिचा स्रोतही द्यावाच लागतो.

पोर्ट मुख्य शाखेत कसा पाठवायचा?

प्रकल्पाच्या गेरिट (बदल तपासण्याच्या) सर्व्हरवर. प्रत्येक फाइलीवर एसपीडीएक्सची परवाना ओळ आणि प्रत्येक कमिटमध्ये तुमची साइन्ड-ऑफ-बाय ओळ हवी. उसन्या बोर्डातून आलेला आणि तुमच्याकडे न लागणारा कोड आधी काढून टाका, तपासणारे सर्वप्रथम तेच विचारतात. कमिटच्या संदेशात काय चालते, काय चालत नाही आणि काय तपासलेले नाही, हे वेगवेगळे लिहा. कोणती मेमरी मॉड्यूल वापरली त्यांचे क्रमांकही द्या.

पोर्ट स्वीकारला गेल्यावर बोर्ड स्टेटस नावाच्या स्क्रिप्टने चाचणीचा निकाल पाठवा आणि दर नव्या आवृत्तीनंतर पुन्हा पाठवत राहा. वाइज एस५० सारखे बोर्ड बाहेर गेले ते ते चालवून पाहणारे कुणी उरले नव्हते म्हणून. एक यंत्र सॉकेटसह, सिरियल केबल लावलेले, कपाटात तयार ठेवले तर ही चाचणी अर्ध्या तासात होते.